पंपाचा दांडा आणि पाच पर्याय

गेल्या शनिवारी माझा रूममेट जीमॅटचं जाडजूड पुस्तक घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. गेले दोन महिने त्याचं हेच चालू आहे. सोमवार ते शुक्रवार ऑफिस आणि शनिवार-रविवार क्रिटिकल रीझनिंग. गणितात त्याला कोणी हरवू शकत नाही, पण "खालीलपैकी कोणत्या विधानामुळे वरील युक्तिवाद सर्वांत जास्त बळकट होतो?" असा प्रश्न आला की याची विकेट पडलीच म्हणून समजा.

त्या दिवशीचा प्रश्न साधारण असा होता. एका गावात साथ आली. लोकांचा एका विहिरीवर संशय होता. चार-पाच दिवसांत निम्मं गाव सोडून पळालं, आणि मग ती विहीर बंद करण्यात आली. निष्कर्ष: साथ विहिरीच्या पाण्यामुळेच आली होती. आता याला बळकटी देणारं विधान निवडा. मित्राने बिनधास्त टिक केली ती "विहीर बंद केल्यानंतर रुग्णांची संख्या कमी झाली" या ऑप्शनवर. चूक. पुस्तकाचं उत्तर होतं, "शेजारच्या गावात ज्या एक-दोघांना हा रोग झाला, ते याच विहिरीचं पाणी मागवून पीत होते."

"अरे, हे काय लॉजिक आहे?" तो वैतागला. "आख्खं गाव मरतंय ते सोडून शेजारच्या गावातल्या दोन माणसांचं काय घेऊन बसलेत हे?"

मला हसू आलं. कारण ज्याने कोणी हा प्रश्न काढला असेल, त्याच्या डोक्यात नक्की १८५४ सालचं लंडन असणार. तिथे हाच प्रश्न एकदा खरोखरच पडला होता, आणि चुकीचा ऑप्शन निवडला तर मार्क नाही, माणसं जात होती. त्या दिवशी मी त्याला ही गोष्ट सांगितली, ती आज इथे सविस्तर लिहितोय. शेवटी मला स्वतःची एक कबुलीही द्यायची आहे, पण ती नंतर.

तर लंडन. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे जगातलं सगळ्यात मोठं शहर होतं, आणि बहुधा सगळ्यात घाणेरड्या शहरांपैकीही एक. कॉलरा तिथे पहिल्यांदा पोचला तो १८३१-३२ च्या सुमारास. मग १८४८-४९ च्या साथीत एकट्या लंडनमध्ये सुमारे १४ हजार माणसं गेली. आपल्याकडे याच रोगाला पटकी म्हणत, आणि गावोगावी मरीआईचा गाडा वेशीबाहेर नेऊन सोडत. आपण त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. पण त्याच काळात लंडनमधल्या मोठमोठ्या डॉक्टरांचं आणि सरकारी अधिकाऱ्यांचं मत काय होतं? तर रोग दुर्गंधीने होतो. कुजक्या पदार्थांतून विषारी हवा उठते, ती श्वासातून आत जाते आणि माणूस आजारी पडतो. या हवेला ते मायाझ्मा म्हणत.

ही समजूत निव्वळ कागदावर नव्हती. तिच्यावर सरकारी धोरण चालत होतं. घराघरांखालचे मैल्याचे खड्डे दुर्गंधी पसरवतात, म्हणून ती घाण गटारांतून थेट थेम्स नदीत सोडायला सुरुवात झाली. आणि लंडनच्या बऱ्याच पाणी कंपन्या पिण्याचं पाणी कुठून उचलत होत्या? थेम्समधूनच! नाक वाचवायच्या नादात पोट मारलं गेलं. युक्तिवाद चुकला की काय होतं त्याचं याहून ठसठशीत उदाहरण मला तरी माहीत नाही.

या सगळ्यांच्या विरोधात उभा राहिला डॉ. जॉन स्नो. जन्म १८१३, यॉर्कचा, साध्या कष्टकरी घरातला. त्याचं खरं नाव झालं होतं भूल देण्याच्या शास्त्रात. १८५३ साली राणी व्हिक्टोरियाला बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारा हाच. वायू शरीरात कसे जातात, किती प्रमाणात काय करतात, हे त्याला इतरांपेक्षा जास्त कळत होतं. म्हणूनच कदाचित मायाझ्मावर त्याचा विश्वास बसेना. त्याचा विचार सरळ होता. कॉलरा सुरू होतो तो पोटात, फुफ्फुसात नाही. मग त्याचं विषही नाकातून नाही, तोंडातून जात असणार. १८४९ मध्ये त्याने हे छापून प्रसिद्धही केलं. लोकांनी वाचलं, 'कल्पना चांगली आहे, पण पुरावा कुठाय?' म्हटलं, आणि विसरून गेले.

पुरावा पाच वर्षांनी आला, तो त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री सोहो भागात, ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास कॉलराचा स्फोट झाला. स्फोटच म्हणायला हवं. पुढे स्नोने जी तारीखवार यादी छापली, त्यात ३१ ऑगस्टला आजारी पडून दगावलेले ५६ जण आहेत. १ सप्टेंबरला आजारी पडून दगावलेले १४३. २ सप्टेंबरला ११६. दहा दिवसांत त्या चिमूटभर वस्तीतली ५०० हून जास्त माणसं मेली, आणि एकूण आकडा ६१६ वर गेला. ज्यांना शक्य होतं ते घरं सोडून पळाले.

ब्रॉड स्ट्रीटवर एक सार्वजनिक पंप होता, म्हणजे आपल्याकडचा हापसा म्हणा ना. स्नोचा संशय लगेच त्याच्यावर गेला. त्याने पाणी तपासून पाहिलं, पण त्यात डोळ्यांना दिसण्यासारखं फारसं काही सापडलं नाही. मग त्याने सरकारी निबंधकांकडून मृतांची यादी घेतली आणि दारोदार फिरायला लागला. ७ सप्टेंबरच्या संध्याकाळी तो तिथल्या पॅरिशच्या मंडळासमोर गेला, आपलं म्हणणं मांडलं, आणि दुसऱ्या दिवशी, ८ सप्टेंबरला, पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. दांडा काढला, साथ थांबली, विज्ञान जिंकलं, टाळ्या.

आता जरा थांबा. हाच तो माझ्या रूममेटने निवडलेला ऑप्शन! तो तपासून बघू. स्नोच्याच यादीत पुढे वाचा. ३ सप्टेंबरला आजारी पडून दगावलेले ५४, ४ ला ४६, ५ ला ३६, ६ ला २०, ७ ला २८. आणि ज्या दिवशी दांडा काढला त्या ८ तारखेला १२. म्हणजे १४३ वरून १२ पर्यंतची सगळी घसरण दांडा जागेवर असतानाच झाली होती. नंतर ११, ५, ५, १ असे आकडे येतात, पण ते आधीच्या उतारावरचेच. लोक पळून गेले होते. जे राहिले त्यांच्यातले बरेच आधीच आजारी पडले होते. पाण्यातलं विष आपोआप कमी झालं असणंही शक्य होतं. दांडा काढला नसता तरी आलेख जवळपास असाच दिसला असता.

आणि गंमत म्हणजे हे आपल्याला आज कळलेलं शहाणपण नाही. खुद्द स्नोनेच हे लिहून ठेवलंय. लोक पळाल्यामुळे मृत्यू कमी झाले यात शंका नाही, आणि पाणी बंद होण्याआधीच साथ इतकी ओसरली होती की तोवर विहिरीत विष उरलं होतं की नाही ते ठरवणं अशक्य आहे, असा त्याचा एकूण सूर. स्वतःच्या बाजूचा सगळ्यात नाट्यमय पुरावा माणूस स्वतःच बाजूला ठेवतो. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याच्याबद्दलचा आदर दुप्पट झाला.

मग बळकटी कशाने येते? इथे मी रूममेटला एक साधी युक्ती सांगितली. प्रत्येक ऑप्शन वाचताना "हे निष्कर्षाशी जुळतं का?" असं विचारू नकोस. जुळणारे ऑप्शन ढिगाने सापडतात, प्रश्न काढणारे ते मुद्दामच टाकतात. त्याऐवजी असं विचार: "निष्कर्ष चुकीचा असता, तरीही हे असंच दिसलं असतं का?" उत्तर 'हो' आलं तर तो ऑप्शन कितीही गोड असला तरी कामाचा नाही. उत्तर 'नाही, मग हे असं दिसायचं काही कारणच नव्हतं' असं आलं, तर तो ऑप्शन सोनं.

ही कसोटी घेऊन आता ब्रॉड स्ट्रीटवर परत जाऊ.

पहिला ऑप्शन, नकाशा. स्नोचा तो प्रसिद्ध नकाशा तुम्ही पाहिला असेल. प्रत्येक मृत्यूसाठी घरासमोर एक काळी रेघ, आणि रेघांची गर्दी पंपाभोवती. बघितल्याबरोबर पटतो. पण मायाझ्मावाला काय म्हणेल? "बरोबर आहे, विषारी हवा त्याच भागात साचली होती. तुमचा पंप योगायोगाने तिच्या मधोमध आला!" म्हणजे निष्कर्ष चुकीचा असता तरी नकाशा बऱ्यापैकी असाच दिसला असता. नकाशा स्नोच्या म्हणण्याशी जुळतो, पण एकटा समोरच्याला हरवत नाही. नकाशा बघून स्नोला पंप सापडला अशी समजूत आहे, तीही उलटी आहे. संशय आधी होता, चौकशी मग झाली, आणि नकाशा सगळ्यांत शेवटी, लोकांना दाखवण्यासाठी काढला गेला.

दुसरा ऑप्शन, जे मेले नाहीत ते. पोलंड स्ट्रीटवर एक वर्कहाउस होतं, म्हणजे निराधार लोकांना ठेवून त्यांच्याकडून काम करून घ्यायची जागा. ५३५ माणसं दाटीवाटीने राहणारी, बहुतेक बाजूंनी कॉलराची घरं. तिथे मेले फक्त ५. आजूबाजूच्या रस्त्यांच्या हिशेबाने तिथे १०० हून जास्त जायला हवे होते, असं स्नो म्हणतो. कारण? वर्कहाउसची स्वतःची विहीर होती, ब्रॉड स्ट्रीटचं पाणी तिथे येतच नव्हतं. आणि खुद्द ब्रॉड स्ट्रीटवर बिअरचा एक कारखाना होता. ७० हून जास्त कामगार, कॉलराने मेले शून्य. त्यांना रोज कारखान्यातली बिअर मिळायची, आणि आवारात वेगळी खोल विहीरही होती. ते पाणी पितच नसावेत असं मालकांचं म्हणणं.

आता कसोटी लावा. रोग हवेतून येत असता, तर ती हवा वर्कहाउसच्या भिंतीपाशी येऊन का थांबली? बिअर पिणाऱ्यांना तिने का सोडलं? त्याच रस्त्यावर बंदुकीच्या टोप्या बनवायचा कारखाना होता, सुमारे २०० कामगार. तिथे पिण्यासाठी याच पंपाचं पाणी दोन पिपांत भरून ठेवायचे. तिथले १८ जण गेले. हवा तीच, रस्ता तोच, वेगळं होतं ते पाणी. इथे मायाझ्मावाल्याला पहिल्यांदा घाम फुटायला हवा.

तिसरा ऑप्शन, आणि हाच रूममेटला न पटलेला. स्नोला पंपापासून दूर झालेल्या मृत्यूंमध्ये जास्त रस होता. पहिल्या झपाट्यातल्या ८३ मृत्यूंपैकी फक्त १० जण दुसऱ्या एखाद्या पंपाजवळ राहणारे निघाले. आपण असतो तर 'किरकोळ अपवाद' म्हणून सोडून दिलं असतं. स्नो त्या दहा घरांत गेला. पाच कुटुंबांनी सांगितलं की आम्ही मुद्दाम ब्रॉड स्ट्रीटचंच पाणी मागवायचो, ते जास्त चांगलं लागतं म्हणून. आणखी तिघं लहान मुलं होती, त्यांची शाळा पंपाजवळ होती.

आणि मग हॅम्पस्टेडची म्हातारी. वय ५९, विधवा. सोहोपासून काही मैल दूर, मोकळ्या हवेच्या भागात राहायची, कित्येक महिन्यांत ब्रॉड स्ट्रीटला फिरकली नव्हती. २ सप्टेंबरला ती कॉलराने गेली. तिच्या आसपास दुसरा एकही रुग्ण नाही. स्नोने तिच्या मुलाला गाठलं तेव्हा कळलं, ब्रॉड स्ट्रीटवरून रोज एक गाडी तिकडे जायची, आणि तिला त्या पाण्याची चव आवडायची म्हणून गाडीतून एक मोठी बाटली भरून जायची. ३१ ऑगस्टला भरलेलं पाणी ती त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी प्यायली. तिच्याकडे आलेली भाचीही प्यायली. भाची आपल्या घरी, इझ्लिंग्टनला परत गेली आणि तीही कॉलराने मेली. तिच्याही शेजारी दुसरा रुग्ण नाही.

सोहोतली ६०० माणसं हवा आणि पाणी दोन्ही घेत होती, त्यामुळे त्यांच्यावरून दोन्हींतलं गुन्हेगार कोण ते सांगता येत नव्हतं. या दोन बायकांनी सोहोची हवा घेतलीच नव्हती, फक्त पाणी घेतलं होतं. मायाझ्मा बाटलीत भरून गाडीने जात नाही. म्हणून ६०० मृत्यूंपेक्षा हे दोन मृत्यू युक्तिवादाला जास्त बळ देतात. मी हे सांगितलं तेव्हा रूममेट थोडा वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, "म्हणजे ऑप्शन किती मोठा आहे ते बघायचंच नाही, तो कोणता दरवाजा बंद करतो ते बघायचं." मला जे सांगायला अर्धा तास लागला ते याने एका वाक्यात सांगितलं :)

अर्थात लंडनच्या शहाण्यांना हे लगेच पटलं असेल असं समजू नका. सरकारी बोर्ड ऑफ हेल्थच्या शास्त्रीय समितीने १८५५ मध्ये स्नोचं म्हणणं स्वीकारायला नकार दिला. त्यांचा रोख असा होता की साथीच्या काळात हवेत जो काही विषारी प्रभाव असतो, त्याने तिथली पाण्यातली घाणही विषारी झाली असेल. बघा, किती चलाख! बाटलीच्या पुराव्यालाही हवेच्या पोटात घालून टाकलं. जो सिद्धांत कुठल्याही पुराव्याने हरतच नाही, त्याला कुठल्याच पुराव्याने बळही मिळत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

त्यांची बाजू निव्वळ अडाणीपणाची नव्हती हेही सांगायला हवं. विल्यम फार नावाचा सरकारी संख्याशास्त्रज्ञ होता, अतिशय प्रामाणिक आणि हुशार. १८४९ च्या साथीचे आकडे मांडून त्याने दाखवलं होतं की जमीन जितकी सखल तितका कॉलरा जास्त. नदीकाठच्या अगदी सखल भागात दर १० हजारांमागे १०० हून जास्त मृत्यू, आणि उंच टेकाडावर १० हून कमी. जड दूषित हवा खाली साचते, म्हणून सखल भागात मृत्यू जास्त. आकडे खरे, आलेख सुंदर, निष्कर्ष चूक. कारण सखल भागातली माणसं थेम्सचं जास्त घाण पाणीही पीत होती. आपल्या कसोटीला लावा: हवेचा सिद्धांत चुकीचा असता तरी हा आलेख असाच दिसला असता. परीक्षेत हा ऑप्शन सर्वांत फसवा, कारण तो खोटा नसतो. तो दोन्ही बाजूंना सारखंच बळ देतो, आणि म्हणून कोणालाच देत नाही.

हा दरवाजा बंद करायला स्नोने जे केलं ते ब्रॉड स्ट्रीटपेक्षाही मोठं आहे, पण त्याची गोष्ट फारशी सांगितली जात नाही, कारण त्यात दांडा नाही. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे पाण्याचे नळ एकाच गल्लीत शेजारी शेजारी होते. या घराला एका कंपनीचं पाणी, पुढच्या घराला दुसरीचं. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी आपलं पाणी बॅटर्सीला, शहराच्या घाणीतच उचलायची. लॅम्बेथ कंपनीने मात्र १८५२ मध्ये आपली जागा नदीत वरच्या अंगाला, थेम्स डिटनला नेली, जिथवर शहराची घाण पोचत नव्हती. म्हणजे एकाच गल्लीतल्या, एकाच उंचीवरच्या, एकच हवा घेणाऱ्या, श्रीमंत-गरीब, म्हातारे-तरुण अशा जवळपास ३ लाख लोकांचे आपोआप दोन गट पडले होते, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. सिस्टिममध्ये फक्त एक व्हेरिएबल बदललेला, बाकी सगळं तेच. आपण ज्याला आज ए-बी टेस्ट म्हणतो तीच ही, फक्त कोणीही न आखलेली.

स्नो इथेही दारोदार फिरला. ज्यांना आपल्या कंपनीचं नाव माहीत नव्हतं, त्यांच्या पाण्याचा नमुना घेऊन त्यातलं मीठ तपासलं, कारण एका कंपनीच्या पाण्यात दुसरीच्या सुमारे ४० पट मीठ होतं. साथीच्या पहिल्या ७ आठवड्यांचा हिशेब असा निघाला. साउथवर्क अँड वॉक्सहॉल: ४०,०४६ घरं, १,२६३ मृत्यू, म्हणजे दर १० हजार घरांमागे ३१५. लॅम्बेथ: २६,१०७ घरं, ९८ मृत्यू, म्हणजे दर १० हजार घरांमागे ३७. उरलेल्या लंडनचा आकडा ५९. उंचीचं कारण बाद, गरिबीचं बाद, हवेचं बाद. उरलं फक्त पाणी.

आता गोष्टीतलं मला सर्वांत आवडणारं पात्र. हेन्री व्हाइटहेड, त्याच वस्तीतल्या चर्चमधला तरुण धर्मगुरू. त्याला स्नोचं म्हणणं मुळीच पटलेलं नव्हतं. वस्तीतलं घरन् घर त्याच्या ओळखीचं, म्हणून तो स्नोला खोटं पाडायला निघाला. एकेका घरी चार-चार, पाच-पाच वेळा गेला. आणि जसजशी माहिती गोळा होत गेली तसतसा तो स्वतःच फिरत गेला. पंपाचं पाणी पिणारे आणि न पिणारे यांच्यातला फरक त्याला नाकारता येईना.

तरी त्याची एक शंका राहिली होती, आणि ती रास्त होती. विहीर दूषित झाली कशी? आतून तपासली तेव्हा तर काही सापडलं नव्हतं. १८५५ च्या वसंतात नोंदी चाळताना त्याला उत्तर मिळालं. ब्रॉड स्ट्रीट, घर नंबर ४०, पंपाच्या अगदी शेजारी. पाच महिन्यांचं एक बाळ साथीच्या स्फोटाआधीच, २८ ऑगस्टच्या सुमारास जुलाबाने आजारी पडलेलं, आणि २ सप्टेंबरला गेलेलं. आईने दुपटी धुतलेलं पाणी घरापुढच्या खड्ड्यात टाकलं होतं. खणून पाहिलं तर खड्ड्याच्या विटा निखळलेल्या, आणि विहीर तिथून तीन फुटांच्याही आत. स्नोच्या साखळीतली हरवलेली कडी त्याच्या विरोधकाने शोधून दिली.

आणि त्याच घराच्या नोंदीत आणखी एक गोष्ट होती. बाळाच्या वडिलांना कॉलरा झाला तो ८ सप्टेंबरला, बरोबर ज्या दिवशी दांडा निघाला त्या दिवशी. पुढे ते गेलेही. त्यांच्या आजारातली घाण त्याच खड्ड्यात, आणि तिथून त्याच विहिरीत गेली असणार. म्हणजे दांडा काढल्याने आधीची साथ थांबली नसेल, पण दुसरी टळली असण्याची शक्यता मोठी आहे.

इथे मी बराच वेळ अडकलो होतो. पुरावा म्हणून दांड्याला किंमत नाही, पण कृती म्हणून तो बहुधा अगदी योग्य होता. पॅरिशच्या त्या मंडळाला स्नोचं पूर्ण पटलं होतं असंही नाही. पण पंप बंद ठेवण्यात तोटा थोडा होता, आणि माणूस बरोबर निघाला तर फायदा मोठा. 'करून बघावं' इतपत बळ असलेला युक्तिवाद आणि 'सिद्ध झालं' म्हणण्याइतकं बळ असलेला युक्तिवाद, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोटाळा होतो तो पहिल्यावर कृती करून, नंतर त्या कृतीलाच दुसऱ्याचा पुरावा म्हणायला लागलो की.

स्नो १८५८ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी गेला. त्याचा विजय त्याने पाहिला नाही. १८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये पुन्हा साथ आली तेव्हा विल्यम फारने, त्याच उंचीवाल्या फारने, आकडे पाहून एका पाणी कंपनीकडे बोट दाखवलं. आपला सुंदर आलेख बाजूला ठेवायला त्याला लाज वाटली नाही. आणि १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखने कॉलराचा जंतू वेगळा करून दाखवला, तो आपल्या कलकत्त्यात.

आता कबुली. दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रोजेक्टवर एका रात्री सिस्टिम पार झोपली. क्लायंटचे फोनवर फोन. त्याच आठवड्यात टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर पोराचा कोड लाइव्ह गेला होता. मी म्हटलं, काढा तो. काढला. पंधरा मिनिटांत सगळं सुरळीत. सकाळी मी मेल लिहिली, त्यात कारण म्हणून त्याचा बदल, आणि पुरावा म्हणून एकच ओळ: बदल मागे घेतल्यावर प्रॉब्लेम थांबला. मेल वरपर्यंत गेली. पोराला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. तो काही बोलला नाही.

पाच आठवड्यांनी सिस्टिम पुन्हा झोपली, आणि या वेळी त्याचा कोड तिथे नव्हताच. मग मी पहिल्या रात्रीचे लॉग नीट उघडले. सर्व्हरवरचा लोड आम्ही कोड काढायच्या वीस मिनिटं आधीपासूनच उतरत होता. रात्री चालणारा एक जुना रिपोर्ट होता, तो संपला आणि लोड उतरला. तो रिपोर्ट माझाच होता. १४३ वरून १२. आकडे माझ्यासमोर होते, मी फक्त दांडा पाहिला.

कोड काढणं चूक नव्हतं. मेल चूक होती. दुसरी मेल मी लिहिली, तेवढ्याच लोकांना. पण तोवर तो पोरगा दुसऱ्या टीममध्ये गेला होता. कँटीनमध्ये गाठून सॉरी म्हटलं तेव्हा तो हसून "चालतं हो दादा" म्हणाला. ते 'चालतं' अजून टोचतं.

लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीटला आता ब्रॉडविक स्ट्रीट म्हणतात. तिथे त्या पंपाची प्रतिकृती उभी आहे, तिला दांडा नाही. पुढेमागे ऑनसाइट जायचा योग आला तर बघून येईन म्हणतो. जवळच जॉन स्नोच्या नावाचा पबही आहे, आणि हा माणूस आयुष्यातला बराच काळ दारूला शिवला नव्हता. असो.

रूममेटची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. काल रात्री त्याने भिंतीवर एक कागद चिकटवला. त्यावर फक्त "बाटली कुठाय?" एवढंच लिहिलंय. घरमालकांनी पाहिलं तर काय अर्थ काढतील देव जाणे.